लेकीची इयत्ता कोणती? मराठी लेखन आणि व्याकरणाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आजपासून ही वही. लेकीला मार्चमध्ये नऊ पूर्ण झाली. शाळेत असती तर या महिन्यात चौथीत बसली असती. गेल्या दिवाळीपासून ती घरी शिकते आहे. गणिताचं आमचं बस्तान बसलं, परिसर अभ्यास तर सासवडच्या आसपास फिरूनच होतो. अडलंय ते मराठीपाशी.

शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे तिथे मराठीला सुलभभारती होतं, म्हणजे इतर माध्यमांच्या मुलांसाठीचं सोपं मराठीचं पुस्तक. घरात मात्र सगळे मराठीच बोलतात. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढलेली पोर, वाचते झपाट्याने. सुलभभारतीचं पुस्तक तिने एका दुपारी संपवलं आणि दुसरं मागितलं. म्हणजे मराठी माध्यमाचं बालभारती घ्यायचं हे नक्की. पण कोणत्या इयत्तेचं? तिसरी, चौथी की पाचवी? शाळा पंधरा तारखेला सुरू होतात, तोवर ठरवायचं.

नोंदी ठेवण्याचं कारण असं की गेल्या वर्षी मी तीन वेळा पुस्तकं बदलली आणि का बदलली ते नंतर मलाच आठवेना.

५ जून

बालभारतीच्या संकेतस्थळावरून तिन्ही इयत्तांच्या पीडीएफ उतरवल्या. यंदा (२०२४) छापील पुस्तकं चार भागांत आहेत, एका भागात सगळे विषय आणि धड्यांच्या मागे नोंदींसाठी कोरी पानं. शाळेचं दप्तर हलकं करायला ठीक असेल, मला मात्र तीन इयत्तांचं मराठी शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं, म्हणून पीडीएफच बऱ्या पडल्या.

संध्याकाळी तिला ओट्यापाशी बसवून स्वाध्याय तोंडी घेतले. नाम ओळख, सर्वनाम ओळख, विशेषणाखाली रेघ मार, वचन बदल, लिंग बदल, विरुद्धार्थी शब्द. तिसरीचे फटाफट. चौथीचेही. पाचवीच्या स्वाध्यायात दोनदा अडखळली, तेही प्रश्न नीट न ऐकल्यामुळे. मी पोळ्या लाटतेय आणि ती लाटणं हे नाम, लाटते हे क्रियापद, गोल हे विशेषण असं स्वतःहून सांगतेय. मला फार बरं वाटलं.

ठरलं, पाचवी.

८ जून

पुण्याला गेले होते, अप्पा बळवंत चौकातून पाचवीच्या पातळीची व्याकरण आणि निबंधलेखनाची दोन स्वाध्याय पुस्तकं आणली. एकेरी रेघांच्या वह्या चार.

१७ जून

सुरुवात. रोज सकाळी ४५ मिनिटं. सोमवार ते बुधवार व्याकरण, गुरुवार शुक्रवार लेखन.

२५ जून

व्याकरण छान चाललंय. लेखनाच्या दिवशी पोट दुखतं. मागच्या गुरुवारी खरंच दुखत असेल असं वाटलं होतं. आज मंगळवार असूनही मी फक्त “परवा निबंध” म्हटलं आणि डोळ्यांत पाणी.

९ जुलै

माउलींची पालखी सासवडच्या मुक्कामाहून पुढे गेली त्याला काही दिवस झाले. त्या दोन दिवसांत लेक घरात टिकलीच नाही. आजोबांबरोबर दिवे घाटाच्या माथ्यावर गेली, तिथून पालखी वर चढताना पाहिली. आमच्या अंगणात एक दिंडी उतरली होती, त्यांना पाणी देण्याचं काम तिच्याकडे होतं. मला वाटलं, यापेक्षा चांगला निबंधाचा विषय कुठला मिळणार?

वही दिली, “मी पाहिलेली पालखी” लिहायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी वहीत एवढं होतं:

“मी पालखी बघीतली. खुप गर्दी होति. मला मज्जा आली.”

तीन वाक्यं, नऊ शब्द. आणि खोडरबराने कागद दोन ठिकाणी फाटलेला.

रात्री आत्याचा फोन आला. मी भाकरी करत होते, बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता. ती आत्याला सांगत होती की घाटात रथ चढवायला जास्तीचे बैल जोडतात, बैलांच्या तोंडाला फेस आला होता, एका आजींच्या तुळशीवृंदावनाला कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दिली कारण पाऊस येईल असं वाटत होतं, पण तो आलाच नाही, आणि आपल्या अंगणातल्या वारकरी बाबांनी हिच्या हातचं पाणी प्यायच्या आधी हिलाच नमस्कार केला, तेव्हा काय करायचं ते हिला कळलं नाही. दहा मिनिटं न थांबता. मी तवा तसाच ठेवून दारात उभी राहिले.

सासूबाई ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. त्या माझ्या निवडीत आजवर पडल्या नव्हत्या. आज मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून तीन वाक्यं वाचली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “अगं, तू तिचं ओळखणं तपासलंस. लिहिणं कुठं तपासलंस?”

११ जुलै

सासूबाईंच्या सांगण्यावरून आज तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या. तिला परीक्षा आहे असं अजिबात वाटू दिलं नाही. मधे दोनदा चिंचा खायला सुट्टी.

पहिली, सांगणं. एक चित्र दाखवलं, त्यावर गोष्ट सांगायला लावली आणि फोनवर ध्वनिमुद्रण केलं. नंतर बसून ते शब्दशः उतरवलं. तीन मिनिटांत २१२ शब्द. “जेव्हा, तेव्हा”, “म्हणून”, “तरीसुद्धा”, “जो, तो” सगळं त्यात आहे. एक वाक्य तर २६ शब्दांचं, आणि ते कुठेही कोलमडलेलं नाही.

दुसरी, स्वतःचं लिहिणं. तसंच दुसरं चित्र, पंधरा मिनिटं. ३१ शब्द. प्रत्येक वाक्य तीन-चार शब्दांचं. जोडवाक्य एकही नाही.

तिसरी, श्रुतलेखन. सासूबाई त्याला अजून “शुद्धलेखन घालणं” म्हणतात. त्यांनीच ६० शब्दांचा एक उतारा रचून घातला, सावकाश, प्रत्येक वाक्य दोनदा. १५ चुका.

लिहिताना ती पेन्सिल इतकी दाबते की मागच्या पानावर अक्षरं हाताला लागतात. हे मला आज पहिल्यांदा दिसलं, कारण आज मी पहिल्यांदा वहीकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होते.

१२ जुलै

रात्री त्या १५ चुका एका कागदावर वेगळ्या काढल्या.

आणी, पाणि, होति, तीने. दोन ठिकाणी अनुस्वार सुटलेला. या सहा झाल्या. उरलेल्या नऊ अशा: फुल, उन, पाउस, देउळ, दुध, तुप, गुळ, मिठ, गरिब.

या नऊ मी पुन्हा पुन्हा वाचल्या. सगळ्या एकाच जातीच्या आहेत. शेवटचं अक्षर अकारान्त, त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ हवा, तिने तो ऱ्हस्व लिहिलाय. आणि मग त्याच उताऱ्यात मला दुसरी गोष्ट दिसली. उन्हात, पावसात, देवळात, दुधात, तुपाचा, गरिबाला. हे तिने सगळं बरोबर लिहिलंय! एकही चूक नाही.

सकाळी तिलाच विचारलं, “फुल” असं का लिहिलंस? ती म्हणाली, “पुस्तकात फुलं असतात ना, ती तशीच असतात.”

खरंच आहे तिचं. मराठीत शब्द मूळ रूपात वाचायला मिळतो किती वेळा? फुलं, फुलांचा, फुलाला, दुधात, मिठाने, गुळाची. प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व होतो, आणि वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोरून बहुतेक वेळा तेच रूप जातं. तिने वाचून वाचून स्वतःचा नियम बनवला होता आणि तो प्रामाणिकपणे पाळत होती. मी तिला गेले तीन आठवडे निष्काळजी म्हणत होते. आज तिची माफी मागितली.

१५ जुलै

नवी आखणी. आता इयत्ता एक नाही, चार आहेत.

वाचन पाचवीचं, आणि त्यापुढचंही तिला हवं ते. शब्दांच्या जाती वगैरे ओळखण्याचं व्याकरण पाचवीपर्यंत आलेलंच आहे, त्यामुळे ते पुस्तक बंद करून कपाटात. शुद्धलेखन तिसरीपासून. स्वतःच्या हाताने लिहिणं दुसरीपासून, दुरेघी वहीवर, रोज दहा मिनिटांच्या वर नाही. आणि सांगणं तिच्या स्वतःच्या पातळीचं, त्याला पुस्तक नको.

“दुसरी” हा शब्द लिहिताना माझा हात जड झाला, हे इथे लिहून ठेवते. नातेवाइकांत कुणी विचारलं तर काय सांगू, हा विचार मनात आलाच. नवरा म्हणाला, वहीच्या मुखपृष्ठावर इयत्ता लिहायचीच कशाला? त्या रकान्यात तिने बैल काढलाय.

घाई कसली? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा द्यायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. तिथे मराठी विषय घेता येतो. म्हणजे आपल्या हातात जवळजवळ पाच वर्षं आहेत. पाच वर्षांत दुसरीपासून दहावीपर्यंतचं लेखन होईल, पण लिहिण्याची भीती बसली तर ती निघायला तेवढी वर्षंही पुरणार नाहीत.

२२ जुलै

नऊ शब्द स्वयंपाकघरात नेले. डब्यांवर नावं लिहायचं काम तिला दिलं. कागदाच्या पट्ट्या, स्केचपेन, चिकटपट्टी. एका पट्टीवर दोन ओळी: वर डब्यात काय आहे ते, खाली “कशाचा डबा” ते.

मीठ, मिठाचा डबा. गूळ, गुळाचा डबा. पीठ, पिठाचा डबा. तूप, तुपाचा डबा.

नियम मी सांगितला नाही. चौथ्या पट्टीला ती थांबली. वरच्या ओळीकडे बघितलं, खालच्या ओळीकडे बघितलं, आणि म्हणाली, “आई, एकटं असलं की ऐसपैस बसतं. पाहुणा आला की सरकून घेतं.”

मी भाजी चिरायची थांबले. सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यात, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व होतं, हे मला शाळेत सातवीत पाठ करायला लावलं होतं. समजलं आज.

मग तांदळाचा डबा आला. तांदूळ, तांदळाचा. ती गोंधळली. “इथं तर तो उठूनच गेला!” मग आम्ही असे उठून जाणारे शोधायला लागलो. माणूस, माणसाला. कापूस, कापसाचा. पाऊस आणि देऊळ मात्र वेष बदलतात, ऊ चा व होतो. दुपारपर्यंत फ्रिजच्या दारावर तीन रकाने झाले: सरकणारे, उठून जाणारे, वेष बदलणारे. हे वर्गीकरण कुठल्याच पुस्तकात या नावाने मिळणार नाही, पण माझ्या घरात ते राहणार.

१२ ऑगस्ट

लेखनाची पद्धत आता बसली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी ती सांगते आणि मी लिहून घेते. एकही शब्द बदलायचा नाही, ही अट मी स्वतःला घातली आहे. ती “लई” म्हणाली तर “लई” लिहायचं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या अक्षरातलं स्वतःचं सांगणं मोठ्याने वाचते. वाचताना तीच म्हणते, इथं हे दोनदा झालं, हे काढ. तिसऱ्या दिवशी त्यातली तिला आवडलेली दोन वाक्यं ती दुरेघी वहीत उतरवते. चौथ्या दिवशी तीच दोन वाक्यं आजी तिला शुद्धलेखन म्हणून घालते. वाक्यं ओळखीची असतात, त्यामुळे मन अक्षरांकडे देता येतं.

पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं, या आठवड्यात तीन.

आज राखीबरोबर आत्येभावाला चिठ्ठी पाठवायची होती. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. ती म्हणाली, “नको, त्याला माझं अक्षर ओळखू येतं.” सात वाक्यं लिहिली. पोस्टात टाकायच्या आधी मी वाचली. त्यात तीन चुका होत्या. त्या मी तशाच राहू दिल्या, चिठ्ठी त्याची होती.

१० सप्टेंबर

गणपती आणि गौरी. अभ्यास बंद. नैवेद्याची यादी तिने लिहिली.

२३ सप्टेंबर

नवी अडचण, आणि ती नियम नीट समजल्यामुळेच आलेली. “शरिराला”, “परिक्षेला”, “गिताचा”. पाहुणा आला की सरकायचं, हे ती सगळीकडे लावते आहे.

हे तत्सम शब्द, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. ते सामान्यरूपातही ऱ्हस्व होत नाहीत: शरीराला, परीक्षेला, गीताचा. माझ्या मनात आलं की लगेच तत्सम-तद्भव प्रकरण काढावं. सासूबाई नको म्हणाल्या. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली १४ झाले आणि १९७२ साली आणखी ४ आले. त्या तेव्हा स्वतः शाळेत शिकत होत्या, मधेच त्यांचं शुद्धलेखन बदललं. त्या म्हणतात, “तेव्हा आम्हाला नियम पाठ होते आणि शब्द येत नव्हते. आधी शब्द येऊ देत.”

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर नुसती यादी: न सरकणारे. जसा भेटेल तसा एकेक शब्द तिथे जातो. तत्समचं नाव दोन वर्षांनी काढू.

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सासूबाईंनी बातम्या संपेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. लेकीने विचारलं, अभिजात म्हणजे काय? मग रात्री बराच वेळ त्या दोघींचं चाललं होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, हे आजीने सांगितलं. मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं जाडजूड व्याकरण पेटीतून काढून हातात दिलं. लेकीने ते मधेच कुठेतरी उघडलं, सामान्यरूपाची उदाहरणं दिसली, आणि ओरडली, “यांच्याकडे पण सरकणारे आहेत!”

मी ज्या पाचवीच्या पुस्तकाच्या जिवावर सुरुवात केली होती त्यात भर होता शब्दांच्या आठ जाती ओळखण्यावर. ही मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आपल्याकडे रुजली. तिचा उपयोग आहेच, इंग्रजी शिकताना तर होईलच. पण मराठी लिहिणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज, प्रत्येक ओळीत, जे लागतं ते सामान्यरूप. पातळी ठरवताना मी आता हेच आधी बघेन: मूल “पावसात” लिहितं का, आणि “पाऊस” लिहितं का.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची तपासणी, जुलैसारखीच. पुन्हा चित्र, पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा आजीचा ६० शब्दांचा नवा उतारा.

स्वतःचं लिहिणं ८८ शब्द. श्रुतलेखनात ५ चुका, त्यातल्या त्या जुन्या जातीच्या दोन. मागच्या पानावर अक्षरं उमटलेली नाहीत.

पण आता वेगळं काही दिसतंय. ८८ शब्दांत “आणि मग” नऊ वेळा. पूर्णविराम फक्त दोन. सांगताना ती श्वास घेते, थांबते, आवाज बदलते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. कागदावर तो श्वास कुठे ठेवायचा हे तिला माहीत नाही. जुलैतली तीन-तीन शब्दांची वाक्यं भीतीची होती. हे लांबलेलं वाक्य धीराचं आहे, म्हणून मला ते आवडलंय. लगेच कापायला बसणार नाही. आधी तिचंच ध्वनिमुद्रण तिला ऐकवायचं आणि जिथे ती श्वास घेते तिथे तिनेच कागदावर टिंब द्यायचं.

ठरवलेलं: शुद्धलेखन चौथीवर न्यायचं. लेखन तिसरीवर. पाचवीची स्वाध्याय पुस्तकं कपाटातच, जूनमध्ये बघू. वही अजून दुरेघी, कारण तिला ती आवडते.

१६ डिसेंबर

श्वासाचं टिंब जमतंय. स्वल्पविराम तिने स्वतः मागितला, “अर्धा श्वास असतो तेव्हा काय द्यायचं?” म्हणून. पुस्तकात तो धडा अजून दोन महिने पुढे होता.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. लाडू वळून झाले, वाटायचा डबा भरला, पट्टी लिहायला लेक बसली. तीळ तिला माहीत, तिळाचा माहीत. गूळ, गुळाचा तर पहिल्या दिवसापासून फ्रिजवर आहेत. दोन्ही एकत्र लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

तिने “ति” लिहिलं आणि थांबली. ओठ हलवत दोनदा म्हटलं. “आई, तिळाच्या मागे गूळ आलाय, म्हणून तीळ सरकला. पण गुळाच्या मागे कुणी नाही.” आणि लिहिलं: तिळगूळ.

मग खालची ओळ: तिळगुळाचा डबा.

पट्टी थोडी तिरकी लागली आहे. शेजारच्या काकू वाण घ्यायला आल्या, त्यांना तिने डबा उघडायच्या आधी ती वाचायला लावली.